क्रियापदांची संगत

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी होते. आमचे थोरले चुलते, त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, त्यांनी दोन म्हशी घेण्यासाठी एका बँकेकडे कर्जाचा अर्ज केला होता. त्याचे उत्तर टपालाने आले ते इंग्रजीत. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे आप्पा पाकीट न फोडता तसेच माझ्याकडे घेऊन आले. "वाच की गं पोरी, काय म्हणतीया बँक?" तोवर सोप्यात आजी, काकू आणि शेजारचे दोघेतिघे जमलेच होते.

पत्र चार ओळींचे होते. आपला अर्ज 'टर्न्ड डाउन' झाला आहे आणि तीस दिवसांच्या आत आपण ही बाब विभागीय कार्यालयाकडे 'टेक अप' करू शकता, असा त्यातला मजकूर. 'टर्न' म्हणजे वळणे, 'डाउन' म्हणजे खाली, 'टेक' म्हणजे घेणे आणि 'अप' म्हणजे वर. हे चारही शब्द मला प्राथमिक शाळेपासून पाठ आहेत. तेव्हा क्षणभरही न अडखळता मी सांगितले, "आप्पा, अर्ज वरच्या ऑफिसातून खाली आपल्या शाखेकडे वळवलाय. आता तीस दिवसांत तो परत वर घेणार आहेत." वाक्याचा कर्ता 'यू' होता, बँक नव्हती, हे माझ्या डोळ्यांना दिसले असणार, पण खाली आणि वर यांचा मेळ इतका सुरेख बसला होता की कर्त्याकडे कोण पाहतो! आप्पांनी समाधानाने मान डोलावली. काकूने चहा टाकला.

आप्पांनी तीस दिवस वाट पाहिली, वर पाच दिवस माणुसकीचे दिले आणि मग ते तालुक्याला जाऊन आले. अर्ज नामंजूर झाला होता. त्यावर वरच्या कार्यालयाकडे दाद मागण्याची मुदतही संपली होती. आप्पा मला एका शब्दाने बोलले नाहीत. "साहेबाचं इंग्रजी अवघडच असतंया," एवढेच म्हणाले. ते रागावले असते तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

त्या पत्रात अवघड शब्द एकही नव्हता, आणि हा लेख लिहावासा वाटला तो याच कारणाने. लांबलचक शब्द असता तर मी कोश उघडला असता. फसवले ते ओळखीच्या शब्दांनी. आपल्यापैकी पुष्कळजण मराठी माध्यमातून आलेले आहेत आणि इंग्रजीच्या पेपरात कोठेतरी अडखळतात. माझ्या समजुतीप्रमाणे ही अडखळण्याची जागा बहुतेक वेळा क्रियापद हीच असते. नाम चुकले तर समोरचा माणूस समजून घेतो. क्रियापद चुकले की वाक्याचा कणाच मोडतो.

आपण क्रियापदे शिकलो ती कशी? महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. त्यामुळे माझ्या पिढीने बारा वर्षे तरी या भाषेशी झटापट केली आहे. त्यातली निदान सात वर्षे 'गो, वेंट, गॉन', 'टेक, टुक, टेकन' असा तीन रूपांचा तक्ता घोकण्यात गेली. तक्त्याच्या चौथ्या रकान्यात एक मराठी अर्थ असे. एका क्रियापदाला एक अर्थ! जणू प्रत्येकाला सरकारने एकेकच खोली दिली आहे.

तक्ता निरुपयोगी आहे असे मला म्हणायचे नाही. 'गो'चे 'वेंट' का होते याची चीड मात्र अनेकांना येते, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. 'वेंट' हे मुळात 'गो'चे रूपच नव्हे. 'वेंड' नावाचे जुने क्रियापद होते, त्याचा भूतकाळ 'गो'ने आपल्या घरात आणला. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदे पाहिली, म्हणजे असणे, करणे, म्हणणे, जाणे, घेणे, जाणणे वगैरे, तर ती सगळीच्या सगळी अनियमित आहेत. रोजच्या वापरातली जुनी रूपे जिभेवर टिकतात, क्वचित लागणारी रूपे नियमाच्या वळणावर जातात. आणि आपण तरी कुठे मोठे नियमित आहोत? बसला, उठला, हसला हे ठीक. पण 'जा'चे जाला होत नाही, गेला होते. 'ये'चे आला, 'कर'चे केला, 'मर'चे मेला, 'घाल'चे घातला, 'सांग'चे सांगितला. हा तक्ता कोणी आपल्याकडून घोकून घेतला नाही, आणि आपण कधी चुकलोही नाही. लहान मूल 'मी करलं' म्हणते तेव्हा घरातले सगळे हसतात, पण त्याला कोणी नापास करत नाही.

रूपे पाठ करून येतात. अर्थाचे तसे होत नाही. त्यासाठी आधी आपल्याच भाषेकडे परक्याच्या नजरेने पाहावे. समजा, एखादा परदेशी पाहुणा मराठी शिकतो आहे आणि त्याने वहीत लिहिले, 'खाणे म्हणजे अन्न तोंडाने घेणे'. आता त्याला सांगा की अमक्याने मार खाल्ला, तमक्याने पैसे खाल्ले, पोराने डोके खाल्ले, म्हातारा गच्चीवर हवा खातो, नटी भाव खाते, आणि पोहता न येणारा गटांगळ्या खातो. बिचारा उपाशीच राहील! 'लागणे' तर याहून बिकट. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, वेड लागते, आमटी खारट लागते, कुलूप लागत नाही, आणि शेवटी जावे लागते. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ची. ग्रंथालयात त्यातली 'लागणे'ची नोंद अवश्य पाहावी. त्या गृहस्थांना आपल्या एका क्रियापदाने किती घाम फोडला असेल, हे पाहून आपल्या मनाला जरा थंडावा मिळतो.

यातून एक गोष्ट दिसते. 'खाणे' या शब्दाच्या पोटात अर्थ भरून ठेवलेले नाहीत. मार, पैसे, डोके, हवा अशी जी संगत त्याला मिळते तिच्यामुळे अर्थ ठरतो. इंग्रजीतही हेच आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या तीन अक्षरी क्रियापदाची होती. पुढच्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने त्याला मागे टाकले आणि त्याचे सहाशेहून अधिक अर्थ संपादकांना नोंदवावे लागले. म्हणजे जेवढे क्रियापद लहान आणि ओळखीचे, तेवढी त्याची मित्रमंडळी मोठी.

ही गोष्ट ज्या शिक्षकाने मनावर घेतली त्याची हकिकत मला आवडते. ए. एस. हॉर्न्‌बी हा इंग्रज तरुण १९२४ साली जपानमध्ये शिकवायला गेला. जपानी विद्यार्थ्यांपाशीही शब्दांचे अर्थ होते, पण वाक्य जुळत नव्हते. हॅरल्ड पामर हा इंग्रजीच्या अध्यापनाचा अभ्यास करणारा विद्वान तेव्हा तोक्योत होता. त्याच्या कामात सामील होऊन हॉर्न्‌बीने इंग्रजी क्रियापदांच्या मागे काय काय येऊ शकते याची छाननी केली आणि पंचवीस रचना ठरवल्या. दोन सहकाऱ्यांसह त्याने जो कोश केला त्यात क्रियापदापुढे नुसता अर्थ न देता ते कोणत्या रचनेत बसते हेही सांगितले. हा कोश १९४२ साली, ऐन महायुद्धात, तोक्योत छापला गेला. १९४८ साली तोच ऑक्सफर्डने काढला, आणि आज जगभरचे विद्यार्थी ज्याला ऑक्सफर्डचा 'अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स' कोश म्हणून ओळखतात तो त्याचाच वंशज. इंग्रजांसाठी न केलेला इंग्रजीचा कोश! आपल्यासारख्यांच्या चुकांमधून तो जन्मला, म्हणून तो मला आपला वाटतो.

रचना म्हणजे काय ते साध्या उदाहरणाने सांगते. मराठीत 'सांगणे' हे एकच क्रियापद जेथे चालते तेथे इंग्रजीत 'से' आणि 'टेल' असे दोन पर्याय उभे राहतात. अर्थ जवळजवळ एक, पण संगत वेगळी. 'टेल'ला लगोलग माणूस लागतो: 'टेल मी', 'टोल्ड हर'. 'से'ला माणूस थेट चिकटत नाही, मध्ये 'टु' लागतो. 'ही सेड मी' हे वाक्य आपण वर्गात दिवसातून दहा वेळा ऐकतो. 'एक्स्प्लेन' हेही 'से'च्याच कुळातले. 'मला समजावून सांगा' याचे आपण सरळ 'एक्स्प्लेन मी' करतो. पण तेथे मध्ये 'टु' हवाच. उलट काही क्रियापदांना मधला दलाल खपत नाही. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो म्हणून 'डिस्कस'पुढे 'अबाउट' घालतो. कोणाशी तरी लग्न करतो म्हणून 'मॅरी'पुढे 'विथ' घालतो. तो 'शी' आणि तो 'वर' मराठीतून आलेला आहे. इंग्रजीत 'डिस्कस' थेट विषयाला भिडते आणि 'मॅरी' थेट माणसाला.

आता आणखी एक जोडी पाहू. तिने मला पहिल्यांदा वाटायला लावले की मराठी ही या वाटेवरची धोंड नसून कंदील आहे. 'ही स्टॉप्ड टु टॉक' आणि 'ही स्टॉप्ड टॉकिंग' यांतला फरक समजावून सांगताना व्याकरणाची पुस्तके पानभर लिहितात. मराठी माणसाला एक ओळ पुरते. पहिले म्हणजे 'तो बोलायला थांबला', दुसरे म्हणजे 'तो बोलायचा थांबला'. हा भेद आपण आईच्या मांडीवर शिकलो आहोत! तसेच 'रिमेंबर'चे. त्याच्यापुढे 'टु पोस्ट' आले तर पत्र टाकायची आठवण ठेवणे, 'पोस्टिंग' आले तर टाकल्याचे आठवणे. टाकायचे आणि टाकल्याचे, एवढाच काय तो फरक.

हे सापडल्यावर मी असे कंदील शोधायच्या मागे लागले. त्यांतला जो मला सर्वांत उपयोगी पडला तो 'मी' आणि 'मला' यांचा. आपल्या इंग्रजीवर एक आरोप नेहमी होतो की आपण जेथे तेथे 'इंग' लावतो. 'आय अ‍ॅम नोइंग', 'आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग', 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स'. पुस्तकात नियम असतो की स्थितिवाचक क्रियापदांना हे रूप लागत नाही, आणि खाली वीसपंचवीस क्रियापदांची यादी. यादी परीक्षेच्या सकाळी पाठ असते, दुपारी नसते. पण या यादीतली क्रियापदे मराठीत म्हणून पाहा. मला माहीत आहे. मला समजते. मला आवडते. मला हवे आहे. मला आठवते. मला दिसते. मला ऐकू येते. मला वाटते. मला पटते. बहुतेक ठिकाणी 'मी' नाहीच, 'मला' आहे! म्हणजे ही कामे आपण हातपाय हलवून करत नाही, ती आपल्याला होतात. मराठीने ती वेगळी काढली 'मला'ने. इंग्रजीने ती वेगळी काढली 'इंग' नाकारून.

ही कसोटी जेथे खरी मजा दाखवते ती दुहेरी क्रियापदांत. 'आय थिंक' म्हणजे 'मला वाटते'. 'आय अ‍ॅम थिंकिंग' म्हणजे 'मी विचार करते आहे'. एकच 'थिंक', पण 'मला'चे 'मी' झाले की 'इंग' खुशाल आले. 'द आमटी टेस्ट्स सॉल्टी', आमटी खारट लागते. 'मदर इज टेस्टिंग द आमटी', आई चव बघते आहे. 'सी' म्हणजे दिसणे, 'लुक' म्हणजे बघणे. 'हिअर' म्हणजे ऐकू येणे, 'लिसन' म्हणजे ऐकणे. मागच्या बाकावर ऐकू येत नाही हे सरांना सांगताना 'लिसन' वापरले तर सर म्हणतील, मग ऐक की! दोन भाऊ माझे 'आहेत', त्यांना मी काही 'करत' नाही, म्हणून तेथे 'हॅविंग' चालणार नाही. पण 'आय अ‍ॅम हॅविंग माय लंच' चालते, कारण जेवते ती मी.

मग आपण चुकतो का? कारण मराठीत 'मला दिसते आहे', 'मला आठवते आहे' असेही म्हणता येते, आणि ते 'ते आहे' आपण 'इंग'च्या साच्यात ओततो. मी हे काही सर्वकाळचा नियम म्हणून सांगत नाही. 'मला थंडी वाजते आहे' येथे 'आय अ‍ॅम फीलिंग कोल्ड' बिनदिक्कत चालते, आणि 'हे पुस्तक माझे आहे' यात 'मला' नसूनही 'बिलाँग'ला 'इंग' लागत नाही. पण दहापैकी आठ वेळा ही कसोटी तारून नेते. यादी विसरणाऱ्या माणसाला आठ पुष्कळ झाले.

कंदिलाच्या बुडाशी अंधारही असतो. 'तो बसतो आहे' असे आपण म्हणतो तेव्हा माणूस अजून पुरता टेकलेला नसतो. टेकल्यावर 'तो बसला आहे'. इंग्रजीत मात्र टेकलेल्या माणसालाही 'सिटिंग'च म्हणतात. झोपला आहे तो 'स्लीपिंग', उभा आहे तो 'स्टँडिंग'. 'शी इज वेअरिंग अ सारी' म्हणजे तिने साडी नेसली आहे. 'ती साडी नेसते आहे' असे भाषांतर केले तर अनर्थ होईल, कारण नेसण्याच्या क्रियेला इंग्रजीत 'पुट ऑन' हे वेगळे क्रियापद आहे. जाता जाता सांगते, 'वेअर'ची गरिबी पाहून मला कीव येते. आपण लुगडे नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, चष्मा लावतो, गजरा माळतो, शाल पांघरतो. एवढ्या सगळ्यांना त्यांचे एकच 'वेअर'. श्रीमंती कोणाची, हे प्रत्येक ठिकाणी एकसारखे नसते एवढे मात्र खरे.

श्रीमंतीचे आणखी एक कोठार म्हणजे आपली पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे ही जोडकुळे. आपोआप होते ते एक, कोणी तरी करते ते दुसरे, आणि फरक आतल्या स्वराचा, काही ठिकाणी व्यंजनाचाही. इंग्रजीत कधी काळी असेच होते, त्याचे अवशेष सापडतात. झाड पडते ते 'फॉल', झाड पाडणे म्हणजे 'फेल'. आहे की नाही पडणे-पाडणे? 'सिट' आणि 'सेट', 'राइझ' आणि 'रेझ', 'लाय' आणि 'ले' याच घराण्यातली. यांत 'लाय'चा, म्हणजे आडवे पडण्याचा, भूतकाळही 'ले'च होतो, आणि येथे भल्याभल्यांची गाळण उडते. येथे तक्ता घोकलेला बरा, हे मी मोकळेपणाने कबूल करते. पण बाकी ठिकाणी इंग्रजीने ही कुळे मोडीत काढली आणि एकाच क्रियापदाला दोन्ही कामे दिली. 'द कप ब्रोक' म्हणजे कप फुटला, 'आय ब्रोक द कप' म्हणजे मी फोडला. आपल्याकडे बशी हातून पडली की मूल 'फुटली' म्हणते आणि आई 'फोडलीस' म्हणते. सगळा खटला एवढ्याशा फरकावर चालतो. इंग्रजीत हा खटला कर्ता चालवतो. म्हणूनच कर्ता न पाहता इंग्रजी वाक्य वाचू नये. बँकेच्या पत्रातला 'यू' मला आजही आठवतो.

आता त्या 'टर्न डाउन'कडे येते. लहान क्रियापदाला 'अप', 'डाउन', 'ऑफ', 'आउट' असे शेपूट जोडून नवा अर्थ करण्याची इंग्रजीची खोड जुनी आहे. सी. के. ऑग्डन या इंग्रज पंडिताने १९३० साली 'बेसिक इंग्लिश' नावाची सोपी इंग्रजी काढली. तिच्यात एकूण शब्द ८५०, आणि त्यांत क्रियापदे किती? फक्त अठरा! घेणे, देणे, ठेवणे, जाणे, येणे अशी. वाचून मला हुरूप आला. अठरा क्रियापदे तर मी एका रात्रीत करीन. मग लक्षात आले की यात मेख आहे. 'सहन करणे' याला शब्द नाही म्हटल्यावर 'पुट अप विथ' म्हणावे लागते, 'सोडून देणे' याला 'गिव्ह अप'. शब्द कमी झाले तरी अर्थांचे ओझे गेले नाही, ते त्या अठरांच्या पाठीवर चढले. 'पुट' ठाऊक, 'अप' ठाऊक, 'विथ' ठाऊक; तिघे एकत्र आले की अनोळखी. माझ्या सोप्यातला प्रसंग यापेक्षा वेगळा नव्हता.

या शेपटांची भीती कमी करायलाही मराठीचाच आधार घेता येतो. आपण नुसते 'खाल्ले' म्हणत नाही, 'खाऊन टाकले' म्हणतो. येथे 'टाकले'मध्ये फेकणे कोठे आहे? काम पुरते संपले, एवढेच ते सांगते. इंग्रजीतले 'ईट अप', 'यूज अप', 'टेअर अप' यांतले 'अप' असेच. खाऊन टाकणे, वापरून टाकणे, फाडून टाकणे. तेथे वर काही जात नाही. 'बोलून बसला' यात कोणी बसलेले नसते, 'निजून गेला' यात कोणी कोठे गेलेले नसते. आपण हे 'टाकणे', 'बसणे', 'जाणे' शब्दशः घेत नाही, मग इंग्रजीतले 'अप' आणि 'डाउन' शब्दशः का घ्यावे?

आणि येथेही निर्णय संगतीचाच. 'टर्न डाउन'पुढे रेडिओ असेल तर आवाज कमी करणे, पानाचा कोपरा असेल तर तो दुमडणे, अर्ज, मागणी किंवा स्थळ असेल तर नाकारणे. 'टेक अप'पुढे जागा असेल तर ती व्यापणे, शिवणकाम किंवा गायन असेल तर ते नव्याने सुरू करणे, आणि 'मॅटर' असेल तर त्याची दाद मागणे. माझ्या पुढ्यात 'अ‍ॅप्लिकेशन' होते आणि 'मॅटर' होते. दोन्ही दिवे लागलेले होते. मी शेपटाकडे पाहत बसले. एक बारीक गोष्ट आणखी: अर्जाचे नाव घेतले तर ते शेपटाच्या आधी किंवा नंतर कोठेही बसते, पण 'इट' हे सर्वनाम मात्र मध्येच घालावे लागते. 'टर्न इट डाउन' म्हणायचे, 'टर्न डाउन इट' नाही.

काही शेपटे आपण इकडे येऊन बदलली आहेत, तेही माहीत असावे. आपल्याकडे पदवी घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी 'पास आउट' झालेला असतो. इंग्लंडात लष्करी शाळेतून बाहेर पडणारा सोडला तर 'पास आउट' होणारा माणूस बहुधा बेशुद्ध पडलेला असतो. निकालाच्या दिवशी दोन्ही अर्थ खरे ठरू शकतात, ही गोष्ट वेगळी.

त्या प्रसंगानंतर मी एक वही घातली आहे. ('घातली' पाहा!) तिच्यात मी क्रियापद एकटे कधीच लिहीत नाही. पूर्ण वाक्य लिहिते, कर्ता आणि कर्म यांच्याखाली रेघ मारते, मागे लागलेले शेपूट किंवा 'टु' असेल तर त्याला चौकट करते, आणि समोर त्या वाक्याचे मराठी लिहिते. शब्दाचे लिहीत नाही. रोज चार वाक्ये, जास्त नाहीत. वाक्ये पाठ्यपुस्तकातून घेते, वर्तमानपत्रातून घेते, खताच्या पोत्यावरून आणि औषधाच्या पुठ्ठ्यावरूनही घेते. 'कीप अवे फ्रॉम चिल्ड्रन' हे मला पोत्यानेच शिकवले. मोबाइलवरचा कोश हाताशी असतो, पण तो पटकन एकच अर्थ दाखवून मोकळा होतो, म्हणून खालची उदाहरणे उघडल्याशिवाय मी त्याच्यावर विश्वास टाकत नाही. वहीत आता 'टेक'ची सहा पाने झाली आहेत आणि 'पुट'ची चार. 'गेट'ला वेगळी वही करावी लागेल असे दिसते. माझ्या बोलण्यात अजून चुका होतात, मात्र आता चूक झाली की ती कोणत्या सांध्यात झाली हे बहुधा कळते.

आप्पांनी दिवाळीनंतर पुन्हा अर्ज केला. जानेवारीत उत्तर आले, पुन्हा इंग्रजीत. या वेळी मी पत्र हातात घेऊन आधी आत गेले, वही आणि कोश काढला, कर्ता पाहिला, कर्म पाहिले, मगच सोप्यात आले. बँक 'इज लुकिंग इन्टु' अर्ज, असे लिहिले होते. आप्पा उंबऱ्यापाशीच उभे होते.

"खाली का वर, तेवढं सांग."

"आत, आप्पा," मी म्हटले. "अजून आत बघतायत."